मागच्या काचेवरचा डोळा

चालणाऱ्या माणसाला आपल्या पाठीची फारशी काळजी करावी लागत नाही. मागून कोणी आले तर पावलांचा आवाज होतो, ओळखीचे असेल तर ते हाक मारते, आणि यांपैकी काहीच घडले नाही तरी मान वळवून पाहायला वेळ असतो. मोटारीत बसले की ही सोय संपते. वेगात असताना मान वळवणे म्हणजे तेवढ्यापुरते पुढच्या रस्त्यावर डोळे मिटणे होय. त्यामुळे मोटार जन्माला आली आणि थोड्याच वर्षांत तिला आरसा शोधावा लागला.

या आरशाची हकिकत मोठी गमतीची आहे. इंग्लंडमध्ये डॉरोथी लेव्हिट नावाची एक धाडसी बाई शर्यतींत मोटार हाकीत असे. स्त्रियांनी मोटार कशी चालवावी यावर तिने १९०९ साली एक पुस्तक लिहिले आणि त्यात सल्ला दिला, की जवळ एक छोटा हातआरसा असू द्यावा. तो केवळ वेणीफणीसाठी नव्हे, तर मधूनमधून उंच धरून मागची वाहने पाहण्यासाठी. पुढे १९११ साली अमेरिकेत इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून हा चालक गाडीवर आरसा बसवून उतरला. इतर चालकांच्या शेजारी एकेक मदतनीस बसलेला असे आणि मागून कोण येत आहे हे पाहणे हे त्याच्या कामांपैकी एक होते. हॅरूनने त्या माणसाचे काम आरशाकडे सोपवले आणि शर्यत जिंकली. मला मात्र या गोष्टीत त्याच्या जिंकण्यापेक्षा न आलेला तो मदतनीसच अधिक आठवत राहतो. मागे पाहणारा माणूस गाडीतून उतरला, आणि त्याच्याबरोबर त्याची साक्षही उतरली. माणूस पाहतो ते लक्षात ठेवतो आणि वेळ आली तर चार लोकांत सांगतो. आरसा दाखवतो, पण सांभाळून काहीच ठेवत नाही. ट्रक आरशातून गेला की आरसा कोरा.

मोटारीत बसवायचा कॅमेरा, ज्याला आता सगळेच डॅशकॅम म्हणतात, तो नेमकी ही उणीव भरून काढतो. रशियात हे कॅमेरे फार लवकर पसरले, कारण अपघातानंतरच्या भांडणात दाखवायला काहीतरी पुरावा हवा असे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी चेल्याबिन्स्क शहराच्या आकाशात उल्का फुटली, तेव्हा सकाळी रस्त्यावर असलेल्या अनेक गाड्यांतील कॅमेऱ्यांनी ती टिपली, आणि शास्त्रज्ञांनी अशा चित्रणांवरून तिचा मार्ग गणिताने काढला. पण आकाशातून पडणाऱ्या वस्तू रोज पडत नाहीत. आपल्या रस्त्यांवर भीती असते ती पाठीमागून येणाऱ्याची. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्या वर्षीच्या एकूण अपघातांपैकी पाचव्या हिश्शाहून अधिक अपघात मागून धडक बसून झाले होते, असे केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो.

आमच्या घरात हा कॅमेरा आला तो त्याच वर्षीच्या एका धडकेमुळे. त्या धडकेत कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही.

आम्ही इंदूरचे, होळकरांच्या राज्यात येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांपैकी एक. वहिनींचे माहेर धुळ्याचे. इंदूर ते धुळे हा आग्रा-मुंबई महामार्गावरचा अडीचशे किलोमीटरांहून थोडा अधिक प्रवास. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, तो गेल्या चाळीस वर्षांत किती वेळा केला याची मोजदाद मला नाही. कदाचित त्याच्या वहीत असेल. मानपूरच्या पुढचा गणपती घाट, खलघाटला नर्मदेवरचा पूल, सेंधवा मागे पडल्यावर लागणारा बिजासन घाट आणि तिथले देवीचे देऊळ ही त्याच्या पाठातली स्थळे. या रस्त्यावर पाठीची भीती जुनी आहे. गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेले ट्रक पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळत. तिथे आता कमी उताराचा वेगळा मार्ग झाला आहे; पण त्या घाटात क्षणाक्षणाला आरशाकडे पाहण्याची सवय ज्यांना लागली, त्यांची ती काही सुटत नाही.

२०२२ची भाऊबीज आटोपून दादा-वहिनी परत येत होते. पळासनेर मागे टाकून बिजासनचा चढ लागला आणि पुढे कुठेतरी एक कंटेनर बंद पडल्याने वाहनांची रांग थांबली. दादाची गाडी चढावर उभी, तिच्यामागे एक ट्रक. दहा-बारा मिनिटांनी रांग हलण्याच्या बेतात असताना धाडकन आवाज झाला, मागच्या काचेचा चुरा झाला आणि डिकीचे दार आत गेले. ट्रकचालक खाली उतरला आणि म्हणाला, "तुमचीच गाडी मागे आली."

मागच्या वाहनाने पुढच्यापासून पुरेसे अंतर राखावे असा नियम आहे, आणि म्हणून मागून धडक बसली की बोट आधी मागच्याकडे जाते. चढावर मात्र या नियमाला एक वाट फुटते. पुढची गाडी मागे घसरली, असे म्हणता येते. चेपलेल्या पत्र्याकडे पाहून कोण कोणाकडे गेले, हे सांगता येत नाही. रांगेत मागेपुढे वीस-पंचवीस वाहने होती. कोणीतरी पाहिले असणारच. पण रांग हलली होती, आणि जो तो आपल्या वाटेने निघून गेला. अपघातात मदतीला येणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात त्यासाठी स्वतंत्र कलमही आले. परंतु घाटात अंधार पडत असताना घर गाठायची घाई झालेल्या माणसाला कलमे आठवत नाहीत. वहिनी शेजारच्या आसनावरच होत्या, पण घरच्या माणसाच्या साक्षीला वजन ते कितीसे? पुढे विमा कंपनीने दुरुस्तीचे पैसे दिले. नवी काच बसली, दार सरळ झाले. कंपनीच्या कागदावर एक वाक्य राहिले: 'उभय पक्षांची कथने परस्परविरोधी आहेत.'

दादाने पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. 'सिद्ध करा' हे दोन शब्द त्याने हजारो मुलांना फळ्यावर लिहून दिले असतील. त्याला स्वतःला ते आजवर कोणी ऐकवले नव्हते. सुरुवातीला तो रागाने बोलत असे. महिन्याभराने राग ओसरला आणि त्याच्या जागी जे आले, ते मला अधिक काळजीचे वाटले. एके दिवशी चहा घेताना त्याने वहिनींना विचारले, "हँडब्रेक ओढलेला होता ना गं?" वहिनी "होता" म्हणाल्या. चार दिवसांनी त्याने पुन्हा तेच विचारले. अडुसष्टाव्या वर्षी माणसाला आपल्या हातापायांविषयी शंका येऊ लागली, की ती हँडब्रेकपाशी थांबत नाही. रात्री उठून गॅसची कळ पाहणे आले, कुलूप दोनदा ओढून बघणे आले. गाडी चालवणे त्याने सोडले, पण तसे बोलून दाखवले नाही. कधी टायर जुने झालेले असत, कधी पेट्रोलपंपावर गर्दी असे. २०२३ची भाऊबीज वहिनींनी बसने जाऊन केली आणि गुडघे सुजवून घेऊन त्या परत आल्या.

दुसऱ्या वर्षी गणपती उठल्यावर त्यांनी जाहीर केले, "मी यंदा आपल्या गाडीने जाणार. कोण चालवणार, ते तुम्ही भाऊ-बहीण ठरवा." त्याच आठवड्यात बंगळूरहून माझ्या भाच्याने एक खोके पाठवले. त्यात दोन कॅमेरे होते, एक पुढच्या काचेसाठी आणि एक मागच्या. बरोबर चिठ्ठी होती: 'आत्या, पुढचा नाही बसवला तरी चालेल. मागचा बसवून घे.'

दादाने खोक्याकडे पाहिले आणि म्हणाला, "इतकी वर्षे माझा शब्द पुरत होता. आता त्याला या डबीची जोड लागणार?" हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या पिढीने तोंडी शब्दावर घरे भाड्याने दिली आणि मुलींची लग्ने ठरवली, तिला प्रत्येक गोष्टीचे चित्रण मागणे हा अपमानच वाटणार. तरीही मला राहून राहून वाटे, की दादाच्या नकारामागे अपमान थोडा आणि धास्ती अधिक आहे. कॅमेरा पैसे देऊन आणला तरी तो आपला होत नाही. मालकाच्या बाजूने बोलायचे, हे त्याला कोणी शिकवलेले नसते. उद्या गाडी खरोखरच वीतभर मागे घसरली, तर तो तेही तितक्याच थंडपणे दाखवील. दादाला ट्रकवाल्याच्या खोटेपणाची भीती नव्हती. आपले खरे नसेल तर काय, याची होती.

"आणि हा पितृपंधरवडा चालू आहे," वहिनींनी आणखी एक अडचण काढली, "नवी वस्तू आता कशी बसवायची?"

"मागे बघायचीच वस्तू आहे," दादा म्हणाला. "पितरांना चालेल."

हे वाक्य म्हणजे होकारच समजून मी दुसऱ्याच दिवशी माणूस बोलावला.

बसवायला आलेला मुलगा विशी-बाविशीचा होता. त्याने आल्याबरोबर डिकीचे दार चार-पाच वेळा उघडून लावून पाहिले. या कामात पुढचा कॅमेरा म्हणजे हातचा मळ. कस लागतो तो मागच्याला, आणि सारी अडचण वायरची असते. चित्रे साठवणारे मुख्य यंत्र पुढच्या काचेवर, आरशाच्या आड बसते. मागचा कॅमेरा अंगठ्याएवढा. त्याने पाहिलेले सारे पाच-सहा मीटर लांबीच्या वायरमधून पुढे न्यावे लागते. दादाच्या गाडीला बाहेर आलेली वेगळी डिकी नाही. मागची काच दारातच आहे, दार उघडले की काचही वर जाते. म्हणजे वायर छताच्या न हलणाऱ्या भागातून हलणाऱ्या दारात न्यायची. तिथे घड्याघड्यांची एक रबरी नळी असते आणि तिच्यातून वायपरच्या व दिव्याच्या वायरी आधीच गेलेल्या असतात. त्या दाटीत त्याने आधी एक ताठ तार घातली, तिच्या टोकाला नवी वायर बांधून वर चिकटपट्टी गुंडाळली, साबणाचे पाणी लावले आणि हलक्या हाताने ओढून घेतली.

"परकरात नाडी ओवतात तस्सं," वहिनी म्हणाल्या. खरोखर त्याहून वेगळे काही नव्हते. फक्त सेफ्टी पिनऐवजी तार होती. दार उघडताना ताण बसू नये म्हणून त्याने वायरचा थोडा सैल भाग मुद्दाम नळीपाशी ठेवला. पुन्हा दार उघडून लावून पाहिले. आरंभी त्याने तसे का केले होते, ते आता माझ्या ध्यानात आले. दार किती वर जाते आणि नळी किती ताणली जाते, याचा तो अंदाज घेत होता.

तिथून पुढे छताच्या अस्तराच्या कडेत बोटांनी वायर दाबत दाबत तो पुढच्या खांबापर्यंत आला आणि थांबला. अनेक गाड्यांत या खांबाच्या आवरणाखाली हवेची पिशवी असते. धडक बसताच ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच फुगून बाहेर येते. तिच्या वाटेत वायर आडवी आली, तर जीव वाचवणारी वस्तूच घात करायची. त्याने आवरण काढले, वायर पिशवीच्या मागच्या बाजूने नेली आणि आवरण पुन्हा बसवले. वरवर काम करणारे वायर आवरणावरूनच खोचून देतात, असे तो म्हणाला. त्याने तसे केले असते तर आम्हाला कळलेही नसते.

वीज घ्यायची ती फ्यूजच्या पेटीतून. यंत्राच्या तीन वायरींपैकी एकीला सदैव वीज मिळते, दुसरीला किल्ली फिरवल्यावरच, आणि तिसरी गाडीच्या पत्र्याला जोडतात. या रचनेमुळे गाडी उभी असतानाही कॅमेरा पहारा देऊ शकतो. पण रात्रभर पहारा देणारा रात्रभर खातोही. म्हणून बॅटरीचा दाब ठरावीक पातळीखाली उतरला, की कॅमेरा आपोआप बंद पडण्याची सोय केलेली असते. नाहीतर सकाळी पुरावा तयार आणि गाडी मात्र सुरू होत नाही, अशी गत व्हायची.

"ती पातळी किती व्होल्टची ठेवलीत?" दादाने विचारले. इतका वेळ तो पायरीवर वर्तमानपत्र धरून बसला होता.

"बारा, काकाजी."

दादाने वर्तमानपत्राची घडी घातली आणि तो गाडीपाशी येऊन उभा राहिला.

मागच्या काचेवर बारीक आडव्या रेघा असतात. त्या शोभेच्या नव्हेत. त्यांतून वीज खेळवली की काच किंचित तापते आणि तिच्यावरचे दव, धुके निघून जाते. कॅमेऱ्याची चिकटपट्टी अशा रेघेवर बसली, तर पुढे कधी ती उचकटताना रेघही तुटते आणि तिच्यातील प्रवाह थांबतो. म्हणून दोन रेघांमधली जागा शोधायची, आणि तीही वायपरचे पाते पोचते अशा पट्ट्यात, कारण पावसात जिथे वायपर फिरत नाही तिथे कॅमेऱ्यालाही दिसत नाही. त्या मुलाने ती जागा स्पिरिटने पुसली, कोरडी केली आणि कॅमेरा अर्धा मिनिट दाबून धरला. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे असा नियम आहे, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म लावण्यास मनाई केली. दादाने आयुष्यात कधी काचेला फिल्म लावली नव्हती. काळ्या काचेमागून रात्री कॅमेऱ्याला काय दिसणार?

यंत्र सुरू झाले. पडद्यावर आमचे फाटक दिसले, फाटकाबाहेरचे किराणा दुकान दिसले, पण दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी होती. कॅमेरा आरशासारखे चित्र दाखवीत होता. गाडी मागे घेताना असे चित्र सोयीचे पडते, कारण आपल्या डोळ्यांना आरशाची सवय असते. साठवायच्या चित्रात मात्र त्याचा उपयोग नाही. मागच्या वाहनाचा क्रमांक उलटा उमटतो. मुलाने एक कळ दाबून चित्र सुलट केले.

"आरसा डाव्याचे उजवे करतो," दादा म्हणाला, "साक्षीदाराने करू नये." पस्तीस वर्षांच्या सवयीने त्याचा हात हवेत जणू खडू धरून फिरला.

मग तारीख आणि वेळ मिनिटापर्यंत जुळवली गेली. चित्रणावरची तारीख चुकीची असेल, तर बाकी सारे खरे असूनही त्याच्यावर शंका घेता येते. १ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या ६३व्या कलमाप्रमाणे असे चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून द्यायचे, तर ते कोणत्या यंत्रातून, कसे घेतले, याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. म्हणजे यंत्राच्या साक्षीलाही शेवटी माणसाची सही लागतेच. हे ऐकून दादाला जरा बरे वाटलेले दिसले.

आवाज टिपण्याची सोय आम्ही एकमताने बंद केली. धुळ्याहून परतताना गाडीत नातेवाइकांविषयी जे बोलणे होते, ते साठवून ठेवण्यात कोणाचेच हित नव्हते. साठवणीचा हिशेब असा, की ६४ जीबीच्या कार्डात दोन्ही कॅमेऱ्यांची मिळून साधारण पाच-सहा तासांची चित्रे मावतात. कार्ड भरले की सर्वांत जुने चित्र पुसले जाऊन त्यावर नवे लिहिले जाते. जोराचा हिसका बसला, तर तेवढा तुकडा यंत्र स्वतःच कुलूपबंद करते. थोडक्यात, ज्या प्रवासात काही घडले नाही तो आपोआप विसरला जातो.

काम संपायला अडीच तास लागले. चिकटपट्टी पक्की धरावी म्हणून एक दिवस कॅमेऱ्याला हात लावू नका, असे सांगून तो मुलगा गेला. दादाने दोन दिवस हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडल्याचा आवाज आला, आणि तो कॉलनीला एक फेरी मारून आला. पुढच्या आठवड्यात बायपासपर्यंत गेला. कार्डावर काय उमटले ते पाहण्याचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

भाऊबीजेला दोघे गाडीने धुळ्याला गेले. तिसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला ते सुखरूप परत आले. वहिनी दमलेल्या, पण खुशीत होत्या. "बिजासनला पाऊण तास थांबलो," एवढेच दादा म्हणाला आणि जेवून झोपला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्याकडे आला. त्याच्या हातात ते कार्ड होते, नखाएवढे, आणि दुसऱ्या हातात शाळेतली जुनी पट्टी.

"बिजासन काढ," तो म्हणाला.

मी कार्ड संगणकाला लावले, संगणक दूरदर्शन संचाला जोडला आणि मागच्या कॅमेऱ्याचे चित्र लावले. आजवर आपण ट्रकची पाठच वाचत आलो आहोत. 'हॉर्न ओके प्लीज' हे शब्द वाहनांवर लिहायला महाराष्ट्र शासनाने २०१५ साली बंदी घातली तरी ते अजून कुठे ना कुठे भेटतात. शिवाय शेर असतात, आईचा आशीर्वाद असतो, बुरी नजर असते. मागच्या काचेवरून दिसते ते ट्रकचे तोंड. त्यावर देवीचे नाव होते, लिंबू-मिरची लोंबत होती, काचेच्या वरच्या कडेला चंदेरी झालर होती, आणि झालरीखाली दोन थकलेले चेहरे होते, एक चालकाचा आणि एक क्लीनर पोराचा. संध्याकाळ कलली होती, पण उजेड होता. दोन्ही वाहने चढावर थांबलेली.

काही वेळ काहीच घडले नाही. मग क्लीनर दार उघडून खाली उतरला. त्याने रस्त्याच्या कडेचा एक मोठा दगड उचलला. तो ट्रकच्या चाकाला लावील असे मला वाटले. तो दगड दोन्ही हातांनी पोटाशी धरून थेट कॅमेऱ्याकडे चालत आला, काचेच्या अगदी जवळ वाकला, चित्राच्या खालच्या कडेआड गेला आणि उठला तेव्हा त्याचे हात रिकामे होते. त्याने तो दगड दादाच्या गाडीच्या मागच्या चाकाला लावला होता. हात झटकून तो परत ट्रकमध्ये जाऊन बसला. पुढे अर्ध्या तासाने रांग हलायच्या वेळी तो पुन्हा धावत आला, वाकला, दगड उचलून त्याने कडेला टाकला आणि पळत परतला. गाडीत बसलेल्या दोघांना यातले काहीही कळलेले नव्हते. दादा पुढच्या टेम्पोकडे पाहत होता आणि वहिनींचा डोळा लागला होता.

कोणीच बोलेना. मग दादा म्हणाला, "तो दगड आणतो ना, त्याच्या आधीची चार मिनिटे लाव."

मी चित्र मागे नेले. तो उठून संचाजवळ गेला आणि त्याने ट्रकच्या दोन दिव्यांमधले अंतर पडद्यावर पट्टी लावून मोजले. अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर. चार मिनिटे जाऊ दिली आणि पुन्हा मोजले. अकरा सेंटिमीटर चार मिलिमीटर. गाडी मागे घसरत असती तर ट्रक जवळ येता आणि दिव्यांमधले अंतर पडद्यावर वाढले असते. एवढे भूमितीचे ज्ञान मलाही होते, तरी त्याने ते मला समजावून सांगितले. नंतर खात्रीसाठी तिसऱ्यांदा मोजले.

"नुसत्या हँडब्रेकवर," तो म्हणाला. "दगड नसताना."

"पण त्या पोराचा काही तुमच्यावर भरवसा नव्हता हो," वहिनी म्हणाल्या.

"नव्हताच," दादा म्हणाला आणि हसला. दोन वर्षांनी मी त्याला असा हसताना पाहत होते. त्याने पट्टी खाली ठेवली आणि तो पोरगा दगड घेऊन येतो तिथपासून पुन्हा लावायला सांगितले. या खेपेला तो मोजत नव्हता. ट्रकचा क्रमांक स्पष्ट वाचता येत होता. दादाने तो वहीत उतरवून घेतला, खाली तारीख घातली, आणि तेवढा तुकडा संगणकात वेगळा काढून ठेव म्हणाला. कार्डावर तो पुढच्या प्रवासात पुसला गेला असता.